शाकारलेल्या होड्यांचे दिवस

मी एका अहवालातून एक तळटीप काढून टाकली होती. दोन ओळींची. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, दादाला नाही, आणि ज्याला सांगायला हवं होतं त्याला तर नाहीच. ऐकणाऱ्याला वाटेल, तळटीप ती काय आणि तिचं ओझं ते काय. मलाही तसंच वाटावं म्हणून मी बरीच वर्षं प्रयत्न केला. जमलं नाही. दर वर्षी जुलै येतो, किनाऱ्यावरच्या होड्यांवर झाप चढतात आणि त्या दोन ओळी मला काना-मात्र्यासकट आठवतात.

यंदा जुलैत मी गावी आहे. संस्थेतून लांब रजा घेतलीय. कुणी कारण विचारलं तर पाठीचं सांगतो. खाडीच्या तोंडाशी आमचं गाव, मालवणपासून फार लांब नाही. जून आणि जुलै हे दोन महिने इंजिनाच्या होड्यांना समुद्रात जायला सरकारी मनाई असते. आमच्याकडे तिला नुसतं ‘बंदी’ म्हणतात. ‘बंदीत लगीन ठरला’, ‘बंदीत बापूस गेलो’, असं ते कालगणनेतच बसून गेलंय. होड्या वर, माडांच्या बुंध्यांपर्यंत ओढून आणलेल्या असतात. त्यांच्यावर बांबूंचा सांगाडा, त्यावर माडाच्या चुडतांचे विणलेले झाप, वरून निळी ताडपत्री. लांबून पाहिलं तर किनाऱ्यावर नवी वस्ती झाल्यासारखी दिसते. जवळ गेलं की कळतं, प्रत्येक छपराखाली एकेक होडी निजलीय आणि तिच्या पोटाशी बसून माणसं जाळी विणताहेत, पत्ते कुटताहेत, भांडताहेत.

या दिवसांत समुद्राची गाज घराच्या मागच्या भिंतीतून येते. कपडे सुकत नाहीत. चुलीवरच्या दोरीवर वाळवलेल्या शर्टाला धुराचा वास येतो, आणि तो अंगात घालून माणूस दिवसभर आपल्याच स्वयंपाकघरात असल्यासारखा फिरतो. ताजी मासळी नसते. मे महिन्यात उन्हात घातलेले बांगडे, सुंगटं म्हणजे कोलंबी, डब्यांतून बाहेर निघतात. ओहोटीला बायका खाडीत गुडघाभर पाण्यात उतरून चिखलातले खुबे काढतात. वहिनी कुळथाची पिठी करते, वर भाजलेला सुका बांगडा चुरते आणि माझ्याकडे बघून म्हणते, “भावजी, मासे नाय म्हणान तोंड पाडू नकात. बंदी सरकारान घातल्यान, मी नाय.”

मी हसतो. तोंड पाडण्याचं कारण मासे नाहीत, हे तिला कसं सांगू.

हनीफ आणि मी शाळेत एका बाकावर होतो. त्याचा बाप मच्छीमार होडीवर इंजिन चालवायचा. माझे वडील त्याच शाळेत मास्तर. बंदीत हनीफच्या घरी इंजिन यायचं. खरंच एखादा पाहुणा यावा तसं यायचं. चार माणसं बांबूला टांगून आणायची, पडवीत गोणपाटावर ठेवायची, आणि पुढे दोन महिने घरातल्या सगळ्यांनी त्याला वळसा घालून चालायचं. हनीफची आई ओरडायची, “मेल्यांनो, माझ्या कांद्याक डिझेलचो वास मारता!” आणि ते खरंच होतं. त्या घरात तळलेला कांदा, डिझेल आणि ओल्या गोणपाटाचा मिळून एक वास असायचा. अजून कुठे पेट्रोलपंपावर उभा राहिलो की मला उगीच भूक लागते.

हनीफ त्या इंजिनाशेजारी बसून वाढला. मी दारात उभा राहून. “हात काळे करून घेऊ नको,” असं वडिलांनी बजावलेलं होतं. मी हात काळे केले नाहीत.

पुढे मी पुण्याला गेलो आणि एका संशोधन संस्थेत लागलो. माझं काम असं की, शाळांतून, प्रशिक्षणकेंद्रांतून बाहेर पडलेल्या मुलांचं पुढे काय होतं ते शोधायचं. शिकलेल्याला काम मिळतं का, मिळालं तर जे शिकला तेच मिळतं का, आणि मग सरकारनं कुठल्या शिक्षणावर खर्च करावा आणि कुठला अभ्यासक्रम गुंडाळावा. हे मी पहिल्यांदा हनीफला समजावून सांगितलं तेव्हा तो चहाचा कप हातात घेऊन मलाच विचारत गेला.

“म्हणजे तू लोकांक इचारतस, तुमका काम आसा काय?”

“हो, तसंच काहीसं.”

“आणि तां इचारण्याचो तुका पगार?”

“हो.”

“आणि ज्येका काम नाय, तेका काय देतस?”

“त्याला काही नाही.”

“बरो धंदो आसा रे सुधल्या!” असं म्हणून तो एवढा हसला की हातातला चहा लुंगीवर सांडला.

तोवर तो स्वतःही शिकवायला लागला होता. जेट्टीजवळच्या एका लांबट शेडमध्ये होडीचं इंजिन दुरुस्त करायचा वर्षभराचा सरकारी अभ्यासक्रम निघाला होता. दहावी झालेली, न झालेली, नववीत शाळेला कंटाळलेली मुलं तिथे यायची. हनीफ करारावरचा शिक्षक. दर वर्षी करार नवा व्हायचा, आणि ‘पुढल्या वर्षी कायम करू’ असं दर वर्षी कुणीतरी सांगायचं. त्याला त्याची फारशी फिकीर नव्हती. गावात लोक त्याला ‘सर’ म्हणायला लागले होते. ज्या माणसाच्या बापाला उभा जन्म ‘ए डायवर’ म्हणून हाक मारली, त्याला सर. मी एकदा त्या शेडमध्ये मागे उभा राहून त्याचा तास ऐकला. मुलांना तो सांगत होता, “आधी आयकायचा. हात मागाहून. इंजिन बिघडला काय तां रडता. तेचा रडणा आयकल्याबिगर जो पाना उचलतलो, तेका मी हयसून खाडीत टाकतलो.”

त्याची मुलगी रुबिना तेव्हा दहावीला होती. लहानपणापासून बापाच्या मागे मागे शेडमध्ये जायची, नटबोल्ट रॉकेलच्या डब्यात धुऊन फडक्यावर ओळीनं मांडायची. दहावी झाली की याच वर्गात नाव घालायचं, असं तिनं ठरवलं. त्या वर्गात तोवर एकही मुलगी नव्हती. तिची आजी, म्हणजे कांद्याला डिझेलचा वास येतो म्हणून ओरडणारी तीच, म्हणाली, “चेडवाक इंजिना शिकवतलंस? मगे तिका करतलो कोण?” हनीफ म्हणाला, “ज्येची होडी दर्यात बंद पडतली तो करतलो.” घर बरेच दिवस धुमसत होतं, पण शेवटी आजीही हसली. ही हकीकत त्यानं मला फोनवर सांगितली होती. त्याचा आवाज मला आठवतो. एवढा खूश मी त्याला त्यापूर्वी कधी ऐकला नव्हता, आणि त्यानंतरही नाही.

त्याच वर्षीच्या जुलैत आमच्या संस्थेकडे काम आलं. राज्यातल्या अशा छोट्या अभ्यासक्रमांचं मूल्यमापन. कुठले चालू ठेवायचे, कुठले बंद करायचे. केंद्रांच्या यादीत हनीफची शेड होती. माजी विद्यार्थ्यांना फोन करून विचारायचं होतं, आणि कोकणपट्टीची केंद्रं माझ्याकडे आली. मी हनीफला काही कळवलं नाही. कळवायचं नसतं. ज्याचं मूल्यमापन करायचं त्याच्याशी ओळख असली तर ती बाजूला ठेवायची, हे आम्हाला शिकवलेलंच होतं, आणि मला ते आवडायचंही.

मी पुण्यातल्या टेबलाशी बसून एकेका मुलाला फोन लावत गेलो. मुद्दाम प्रमाण मराठीत बोललो. प्रश्न ठरलेला होता, सगळ्या राज्याला एकच: गेल्या सात दिवसांत पगार, मजुरी किंवा नफ्यासाठी एक तास तरी काम केलं का?

एक मुलगा अजून माझ्या कानात आहे. नाव महेश. पलीकडून पावसाचा आवाज येत होता. नुसता पाऊस नव्हे, झापांवर पडणारा. तो वेगळा असतो, कौलांवरच्यापेक्षा मऊ.

“जरा मोठ्याने बोला, पाऊस आहे हय.”

मी प्रश्न विचारला.

“काम? आता खंयचा काम? बंदी मां! घराकच आसंय.”

त्याच्या पाठीमागे लोखंडावर लोखंड वाजत होतं. ठक, मग थोडं थांबून पुन्हा ठक. मी विचारायला नको होतं, पण विचारलं, “तो आवाज कसला येतोय?”

“तो? काकाचा इंजिन खोललंय. रिंगो गेल्यो सगळ्यो.”

“त्याचे पैसे मिळतात का?”

तो मोकळेपणानं हसला. “काकाकडे बंदीत पैशे मागू? जोड्यान हाणीत माका. नारळी पुनव जांवदे, मगे बघूया.”

मी ‘काम नाही’च्या चौकोनात खूण केली.

ही आमच्याकडची रीत मला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. बंदीत घरोघरी इंजिनं उघडतात, आणि बंदीत त्याचे पैसे कुणी मागत नाही. कारण कुणाच्याच हातात पैसा नसतो. नारळी पौर्णिमा झाली, होड्या पाण्यात गेल्या, पहिली चांगली मासळी लागली की ज्यानं इंजिन उभं केलं त्याच्या घरी वाटा जातो. मासळी जाते, पैसे जातात, एखाद्याला होडीवर जागाही मिळते. पण तोवर त्याला कुणी काम म्हणत नाही. करणारा तर नाहीच म्हणत. हनीफच्या हाताखालून गेलेली ती मुलं त्या आठवड्यात कुणी काकाच्या, कुणी शेजाऱ्याच्या, कुणी होणाऱ्या सासऱ्याच्या इंजिनात कोपरापर्यंत हात घालून बसली होती. काही गोव्याच्या बोटींवर इंजिन सांभाळायची आणि बंदी म्हणून घरी आलेली. आणि माझ्या प्रश्नाला सगळ्यांचं उत्तर एकच. घराक आसंय.

अहवाल लिहिताना मी टीप घातली. ‘या केंद्राच्या माजी विद्यार्थ्यांशी संपर्क मासेमारीबंदीच्या काळात झाला असून त्यांच्या रोजगाराचे चित्र त्यामुळे अपुरे आहे. निष्कर्ष काढण्यापूर्वी हंगामात पुन्हा विचारणा व्हावी.’ याच त्या दोन ओळी.

आमच्या विभागप्रमुख बाईंनी मसुदा वाचला. त्यांनी चष्मा वर ढकलत विचारलं, “सुधीर, हे केंद्र तुमच्याच गावाकडचं ना?”

“हो मॅडम. शेजारीच.”

“नाही, एवढ्या सगळ्या केंद्रांत याच एकाला टीप आहे, म्हणून विचारलं.”

बस, एवढंच. बाईंनी ‘काढा’ म्हटलं नव्हतं. हे मला नीट लिहायला हवं, कारण मनातल्या मनात मी पुष्कळ वर्षं हे त्यांच्यावर ढकलत आलो. त्या उलट म्हणाल्या होत्या, “तुम्हाला योग्य वाटत असेल तर राहू द्या.” टीप मी काढली. टेबलाशी परत आलो, दोन ओळींवर काळी पट्टी ओढली, बटण दाबलं. कुणीतरी म्हणेल, गावाकडच्यांची बाजू घेतो, याची मला लाज वाटली. सबंध राज्याकडे सारख्याच नजरेनं बघणारा माणूस, अशी माझी जी प्रतिमा मी मेहनतीनं घडवत आणली होती, तिला त्या दोन ओळींनी कोकणी वास येत होता.

पुढे अहवाल मांडला तेव्हा कुणीसं म्हणालंही, “आपल्या स्वतःच्या भागाबद्दल इतकं तटस्थ लिहिणं सोपं नाही.” मी मान खाली घालून हसलो. मला ते फार गोड लागलं. गोड लागलं होतं हे खरं आहे.

पुढच्या वर्षी जूनमध्ये शेडला नवा वर्ग मिळाला नाही.

हनीफचा फोन आला. “सुधल्या, माझी शाळा बंद केल्यानी रे.” तो शेडला शाळा म्हणतो हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं. मग म्हणाला, “तू ह्याच धंद्यात आसस. माका एक अर्ज लिवन दी. तुझ्यासारखा लिवक हय कोणाक जमता?”

मी अर्ज लिहिला. चांगला लिहिला. बंदीचे दिवस, इंजिनं, नारळी पौर्णिमेनंतरचा वाटा, सगळं त्यात होतं. जे अहवालात दोन ओळींत ठेवायला मला जड गेलं ते अर्जात मी दोन पानं लिहिलं, आणि खाली सही हनीफची. रजा काढून गावी आलो आणि तो त्याच्या हातात दिला. त्यानं वाचलं आणि त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. म्हणाला, “माका जां सांगूचा होता तां सगळा तुका कसा रे कळला?”

मग आम्ही दोघं जिल्ह्याच्या कचेरीत गेलो. कट्टा गावावरून जाणारी एसटी, खिडकीची काच अर्धी, आत येणारा पाऊस. हनीफनं अर्ज शर्टाच्या आत, पोटाशी धरला होता. कचेरीत गेल्यावर त्याची भाषा बदलली. आमच्याकडे सगळ्यांचीच बदलते. साहेब मऊ बोलणारे होते. त्यांनी अर्ज वाचला, कपाटातून फाईल काढली आणि म्हणाले, “तुमचं म्हणणं समजतंय मला. पण हे बघा, मूल्यमापन झालेलं आहे.” आणि त्यांनी वाचून दाखवलं: “सदर केंद्रातून प्रशिक्षण घेतलेल्यांपैकी बहुतांश जण सद्यःस्थितीत कोणतेही काम करीत नसल्याचे आढळले.”

वाक्य माझं होतं. ‘सद्यःस्थितीत’ हा शब्द मी कुठे बसून लिहिला तेही मला आठवलं.

हनीफ पुढे वाकला. “साहेब, हे विचारलं कधी?”

साहेबांनी पान उलटलं, पुन्हा उलटलं. “तारीख काही दिलेली दिसत नाही.”

“पावसात विचारलं असणार साहेब. पावसात आमच्याकडे कोणाला विचाराल तर तो घरीच असतो. खुद्द मला विचारलं असतं तरी मी घरीच आहे म्हटलं असतं.”

“असेलही. पण तसं इथे लिहिलेलं नाही ना.”

मग हनीफ माझ्याकडे वळला. साहेबांसमोर, पण मालवणीत, घरातल्यासारखं. “तू सांग रे. तुमी लोक कधी इचारलास तां लिवतास मां?”

“लिहितात,” मी म्हणालो. “बहुतेक वेळा लिहितात.”

साहेब म्हणाले, बघू, वर पाठवतो. बाहेर आलो तेव्हा दोघांनाही कळलं होतं की काही होणार नाही. परतताना कट्ट्याच्या स्टँडवर उतरून चहा घेतला. भजी गरम होती. हनीफनं सबंध पुडा माझ्यापुढे सरकवला आणि त्या अहवाल लिहिणाऱ्याचा उद्धार सुरू केला. त्यात त्याची जीभ चांगली चालते.

“कोण असात रे तो? होडी म्हणजे काय तां तरी ठाऊक असात काय तेका? मेल्याक एक दिवस माझ्या इंजिनाक बांधून ठेवक होयो. दर्यात. मगे इचारूक होया, काय साहेब, सद्यःस्थितीत काय करतास?”

मी हसलो. त्याच्याबरोबर मोठ्यानं हसलो. मग पुडा पुन्हा माझ्याकडे सरकवत तो म्हणाला, “तुझ्या वळखीचो आसा काय रे तो?”

“नाही,” मी म्हणालो.

तळटीप काढली ती एक गोष्ट. तिला मी भित्रेपणा म्हणू शकतो, दिखाऊपणा म्हणू शकतो. पण कट्ट्याच्या स्टँडवर जे ‘नाही’ मी म्हटलं, त्याला काय म्हणायचं हे मला अजून कळलेलं नाही. तोंडात भजी होती. तो समोर बसला होता. खरं सांगायला तेवढाच वेळ लागला असता.

त्यानंतर शेडला कुलूप लागलं. शिकवायला ठेवलेली इंजिनं एका ट्रकातून कुठेतरी गेली. हनीफ रेडी बंदरात गेला, खनिज वाहून नेणाऱ्या बार्जांच्या इंजिनांवर. तिथे इंजिनाच्या खोलीत दिवस काढून काढून त्याचं ऐकणं कमी झालं. आता बोलायचं तर मोठ्यानं बोलावं लागतं, आणि तोही मोठ्यानं बोलतो. आधी ऐकायचं, हात मागाहून, असं शिकवणारा माणूस. यावर मी अधिक काही लिहू नये.

रुबिना एक वर्ष थांबली. पुढल्या वर्षी वर्ग सुरू होईल, असं बाप म्हणत होता म्हणून. मग कुडाळला एका कापडाच्या दुकानात काउंटरवर लागली. परवा वहिनीच्या ब्लाउजपिसासाठी त्या दुकानात गेलो तर तीच समोर. “काका, कधी आलात?” म्हणाली, खुर्ची दिली. बाहेर कुणाची तरी स्कूटर सुरू होत नव्हती, नुसती खरखरत होती. तिनं एकदा तिकडे मान वळवली आणि पुन्हा कापड उलगडायला लागली. मी विचारू नये ते विचारलं, “घरी इंजिन येतं का गो अजून पावसात?”

“येतं ना, शेजारच्यांचं. पप्पा बघतात सुट्टीला आले की. मी हात नाही लावत आता. नखं काळी होतात काका, गिऱ्हाईक बघतं.” आणि तिनं निळ्या रंगाच्या तीन छटा माझ्यासमोर ठेवल्या. “यातली कुठली वहिनीकाकूंना?”

मी हाताला लागली ती उचलली आणि पैसे काढले.

या बंदीत हनीफ सुट्टीवर घरी आहे. गेल्या आठवड्यात भर पावसात पिशवीभर सुकी सुंगटं घेऊन आला. पडवीत बसला आणि वहिनीला, म्हणजे सगळ्या आळीला ऐकू जाईल अशा आवाजात, सांगायला लागला, “वैनी, तुमका ठाऊक नाय. माझी शाळा बंद झाली तेव्हा ह्या गावात माझ्यासाठी कागद घेवन फिरलो तो एकटो तुमचो भावजी! रजा काढून इलो पुण्यासून! सख्खो भाऊस करूचो नाय.”

वहिनी कौतुकानं माझ्याकडे बघत होती. “आमका कधी बोललेपण नाय.”

“तो बोलणारो न्हयच!” हनीफ म्हणाला. “शाळेपासून तसोच.”

मी चहाच्या कपाकडे बघत बसलो. न बोलणं हा माझा गुण आहे, असं या घरात आणि त्या घरात, दोन्हीकडे समजतात.

मी स्वतःशी पुष्कळ वाद घातलेत. ती टीप राहिली असती तरी कोण वाचणार होतं? छोटे वर्ग तसेही बंदच होत होते. कदाचित शेड वाचली नसती. शक्य आहे. मला ते कधीच कळणार नाही, आणि न कळण्याच्या आडोशाला मी आजवर आरामात बसलो. आमच्या धंद्यात खोटं लिहिणारा कधी ना कधी सापडतो. न लिहिणारा सापडत नाही. त्याच्याविरुद्ध पुरावाच नसतो. पण साहेबांनी ते पान उलटून पाहिलं होतं. दोनदा पाहिलं होतं. तिथे काही सापडलं असतं तर मऊ बोलणारा तो माणूस काय म्हणाला असता, हे मी अनेकदा मनात बोलून बघतो. दर वेळी तो म्हणतो, “अरे, हे लिहिलंय की इथे.”

त्यानंतरच्या माझ्या कामात मी कुठल्या महिन्यात विचारलं ते न चुकता लिहितो. तरुण सहकाऱ्यांना तसं शिकवतो. ते वह्यांत उतरून घेतात आणि मला काटेकोर समजतात. त्याचाही मी कधी खुलासा केला नाही.

हा लेख दिवाळीच्या सुमाराला छापून येईल. हनीफ फारसं वाचत नाही, पण रुबिना वाचते, आणि वाचून ती बापाच्या कानाशी मोठ्यानं सांगेल. तसं होता कामा नये. बंदी उठायला अजून थोडे दिवस आहेत, त्याची सुट्टीही तेवढीच आहे, आणि त्याचं घर इथून हाकेच्या अंतरावर आहे. सकाळपासून दोनदा मी छत्री घेऊन फाटकापर्यंत गेलो. दोन्ही वेळा वहिनीनं विचारलं, “खंय जातास?” आणि मी म्हटलं, “कुठे नाही.”

तो अहवाल मी लिहिला, टीप मी काढली, आणि कट्ट्यावर मी खोटं बोललो, हे हनीफला त्याच्यासमोर बसून, त्याला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं सांगणं मी देणं लागतो. रुबिनालाही तेच, बापाच्या तोंडून नव्हे, माझ्या. आणि जिथे तो अहवाल गेला तिथे माझ्या नावानं ती चूक कळवणं. या तिन्हींतलं एकही मी आजपर्यंत केलेलं नाही.